जुन्या बंगईचे खुराडे आणि घरचा खरा हिशेब



कापसाचा भाव पडला, की उपदेश करणाऱ्यांची सुगी सुरू होते. शेती परवडत नाही म्हणता? मग जोडधंदा करा. शेळ्या पाळा, कोंबड्या पाळा, मधमाश्या पाळा. सांगणारा मोटारीतून येतो, हार घेतो, चहा पितो आणि निघून जातो. कोंबडी खाते काय, तिच्यामागे दिवसभर हिंडते कोण आणि वर्षाअखेर उरते किती, हे त्याच्या भाषणात कधी येत नाही. हा हिशेब आता आपणच मांडला पाहिजे. त्यासाठी आम्ही या अंकात एक साधी वस्तू घेतली आहे. ती म्हणजे अंगणात गंजत उभी असलेली जुनी लोखंडी बंगई आणि तिच्यापासून होणारे कोंबड्यांचे खुराडे.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. असे खुराडे करावे, जरूर करावे. पण त्याचा हिशेब पुरा लिहावा आणि त्याचा पैसा घरच्या बाईच्या हाती राहावा. या दोन गोष्टी झाल्या नाहीत, तर कोंबडीही कापसाच्याच वाटेने जाईल.

बंगई पडून आहे

वऱ्हाडात जिला बंगई म्हणतात, तिला इतर ठिकाणी झोपाळा म्हणतात. पूर्वी ती माजघरात किंवा ओसरीत आढ्याला टांगलेली असे. पुढे लोखंडी नळाची, स्वतःच्या पायांवर उभी राहणारी बंगई आली. दोन्ही बाजूंना कैचीसारखे पाय, वर आडवा नळ, त्याला चार साखळ्या आणि साखळ्यांना पाट. एखाद्या बऱ्या हंगामात ती हौसेने घेतलेली असते. मग पोरे मोठी होतात, शिकायला किंवा कामाला शहरात जातात. पाट फुटतो, कड्या झिजतात आणि बंगईवर ओले कपडे वाळू लागतात. भंगारवाला ती किलोच्या भावाने मागतो. त्याला देण्याआधी तिच्याकडे नीट पाहा. तुमच्या अंगणात एका छपराचा सांगाडा आयता उभा आहे. वाशासाठी, खांबासाठी, सुताराच्या मजुरीसाठी जो खर्च करावा लागला असता, तो कधीच होऊन गेला आहे.

गावातल्या कोंबड्या रात्री कुठे असतात? डालग्याखाली, न्हाणीच्या कोपऱ्यात, नाहीतर कडुनिंबाच्या फांदीवर. मांजर, मुंगूस आणि साप यांचा धंदा त्यावरच चालतो. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, खुडूक झाली की एकवीस दिवस बसून पिल्ले काढते. पिल्ले निघतात पुष्कळ, पण हाताशी लागतात थोडी. घरचा पैसा अंड्यापेक्षा या मेलेल्या पिल्लांत जास्त बुडतो. म्हणून खुराड्याला महत्त्व आहे. कोंबडीची जात बदलण्याआधी तिची रात्र सुरक्षित केली पाहिजे.

खुराडे असे करावे

जागा मागच्या अंगणात, झाडाच्या सावलीत, पाणी साचणार नाही अशी उंच पाहावी. बंगईचा आडवा नळ पूर्व-पश्चिम ठेवावा, म्हणजे लांब बाजू उत्तर-दक्षिणेला येतात आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत घुसत नाही. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात नुसते पाय गाडले, तर दोन वर्षांत सांगाडा कलतो. चारही पायांखाली सपाट दगड ठेवावा आणि भोवती मुरूम घालून ठोकावा.

गंज आणि सुटलेला रंग आधी घासून काढावा. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि कोंबडी दिसेल त्या कणावर चोच मारते. म्हणून घासताना पडलेले पोपडे झाडून लांब नेऊन पुरावेत.

जमिनीपासून दोन फुटांवर पायांना बांबू किंवा जुने वासे तारेने घट्ट बांधून तळ करावा. त्यावर बांबूच्या कामट्या अशा ठोकाव्यात, की विष्ठा खाली पडेल पण कोंबडीचा पाय अडकणार नाही. तळाला खालून बारीक जाळी मारावी, नाहीतर मांजर खालून पंजा घालते. खाली पडलेले खत उकिरड्यावर न्यावे, परसातल्या वांग्या-मिरचीला ते कामाला येते.

दोन्ही उतरत्या बाजूंना जुने टिन बांधावे. नळाची कैची असल्यामुळे पाऊस आपोआप निथळतो. टिनाखाली हवा खेळावी म्हणून खालचा फूट-दीड फूट भाग जाळीचा ठेवावा. ही जाळी अर्ध्या इंचाच्या भोकाची घ्यावी. मोठ्या भोकाच्या जाळीने कोंबडी आत राहते, पण साप आणि मुंगसाचे पिल्लू बाहेर राहत नाही. पश्चिमेचे तोंड तुराट्या-पऱ्हाट्यांच्या ताटीने, शेणमातीने लिंपून, पुरते बंद करावे. पूर्वेला जाळीचे दार करावे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि टिन तव्यासारखे तापते. त्यावर कडब्याचा किंवा पऱ्हाटीचा जाड थर टाकून दुपारी पाणी शिंपडावे.

बंगईचा पाट फेकू नये. तो आत एका बाजूला फळीसारखा बसवावा आणि त्यावर तेलाचे रिकामे डबे आडवे ठेवावेत. डब्यांच्या कापलेल्या कडा आधी ठोकून मोडाव्यात आणि आत गवत घालावे. आठ कोंबड्यांना अंडी घालायला असे दोन डबे पुरतात, तिसरा खुडूक कोंबडीसाठी. साखळ्यांना पाण्याचे आणि दाण्याचे भांडे टांगावे, म्हणजे कोंबड्या पाय घालून सांडत नाहीत. बसायला बांबूचे दोन दांडे एकाच उंचीवर बांधावेत. एक वर, एक खाली ठेवला, तर वरच्या दांड्यासाठी रोज भांडण होते. दांडा लोखंडाचा नसावा, तो उन्हाळ्यात पोळतो आणि थंडीत गारठतो. दाराजवळ राखेचा खड्डा ठेवावा, कोंबडी त्यात लोळून उवा-पिसवा झाडते.

अशा खुराड्यात मोठी-लहान मिळून पंधरा-वीस पाखरे रात्री सुखाने राहतात. सगळी पिल्ले एकदम निघत नाहीत, तीन-चार खेपांत निघतात आणि मोठी होतील तशी विकली जातात. त्यामुळे जागा पुरते.

आता हिशेब

इथे उपदेशक थांबतात. आपण इथूनच सुरुवात करू. पुढचे आकडे आम्ही हिशेबासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून तो स्वतः मांडावा.

समजा, आठ गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. वर्षाला अंडी ४००. त्यांतली १०० अंडी कोंबडीखाली ठेवली, ३०० विकली किंवा घरी खाल्ली. घरी खाल्लेल्या अंड्यालाही बाजाराचाच भाव लावायचा, लेकराच्या पोटात गेले म्हणून ते फुकट होत नाही. अंड्याला १० रुपये धरले, तर ३,००० रुपये. शंभर अंड्यांतून सत्तर पिल्ले निघाली. खुराडे नाही, म्हणून पाच महिन्यांची होईपर्यंत तीस जगली. पाच तलंगा घरी ठेवल्या आणि पंचवीस पाखरे ३५० रुपयांनी विकली, तर ८,७५० रुपये. एकूण ११,७५० रुपये.

खर्च काय? पाखरे दिवसभर किडामुंगी आणि खळ्यावरचे मातेरे वेचतात असे धरून, प्रत्येकीला वीस ग्रॅम ज्वारी घातली. मोठ्या नऊ पाखरांना वर्षाला ६६ किलो, लहान तिसांना पाच महिन्यांत ९० किलो. मिळून १५६ किलो. २०२५-२६ सालचा संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये. म्हणजे ज्वारी झाली ५,७७० रुपयांची. औषध-लस ५०० रुपये. हाती राहिले ५,४८० रुपये. घरच्या बाईचा रोजचा अर्धा तास धरला, तर वर्षाचे आठ तासांचे तेवीस दिवस होतात. तिला दिवसाला पडले २३८ रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये होती. म्हणजे खुराड्यावाचून कोंबडी पाळणे हे रोजगार हमीपेक्षाही स्वस्तात राबणे झाले.

आता बंगईचे खुराडे केले. जाळी, तार, खिळे, थोडे टिन मिळून २,५०० रुपये गेले. पाच वर्षांवर वाटले, तर वर्षाला ५०० रुपये. मांजर-मुंगसापासून दहा पिल्ले जास्त वाचली. आता पस्तीस पाखरे विकली, १२,२५० रुपये आले. अंड्यांसह १५,२५० रुपये. ज्वारी वाढून १८६ किलो, म्हणजे ६,८८० रुपये. औषध ६००, खुराडे ५००. हाती राहिले ७,२७० रुपये. बाईला दिवसाला पडले ३१६ रुपये. रोजगार हमीच्या वर चार रुपये.

तेच खुराडे बाजारातून १२,००० रुपयांना तयार घेतले तर? पाच वर्षांवर वाटून वर्षाला २,४०० रुपये लागले. कर्जाचे व्याज सोडूनही हाती राहतात ५,३७० रुपये, दिवसाला २३३. म्हणजे वाचलेल्या दहा पिल्लांची सगळी कमाई पिंजऱ्याने खाल्ली, आणि बाई आधी होती त्याच्याही खाली गेली. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, अशी ही गत. म्हणून आम्ही बंगईवर जोर देतो. ज्या धंद्यात कमाई इतकी बारीक आहे, त्यात भांडवल जुनेच पाहिजे.

कोंबडी आणि कापूस

हाच हिशेब उपदेशकाच्या पद्धतीने मांडून पाहा. ज्वारी घरचीच आहे, तिचा भाव कशाला? बाई घरीच असते, तिची मजुरी कशाला? मग १५,२५० रुपयांतून औषधाचे ६०० आणि खुराड्याचे ५०० वजा जाता १४,१५० रुपये ‘निव्वळ नफा’ दिसतो. भाषणात सांगायला आकडा छान आहे. पण ज्वारीचा भाव लावला आणि बाईची मजुरी रोजगार हमीच्या दराने धरली, तर मजुरीचे ७,१७६ रुपये जातात आणि शिल्लक राहतात ९४ रुपये. चौदा हजार कुठे आणि चौऱ्याण्णव कुठे! मधले सगळे आपल्याच घरातून गेले आहे. आपलेच दाणे आणि आपलेच हात यांना नफा असे नाव दिले, एवढेच.

शेतकरी भावांनो, ही लबाडी ओळखीची वाटते ना? कापसाच्या उत्पादनखर्चाचे भांडण नेमके हेच आहे. २०१८-१९ पासून सरकार सांगते, की हमीभाव खर्चाच्या दीडपट दिला. पण हा खर्च कोणता? खिशातून गेलेला पैसा आणि घरच्यांची मजुरी, एवढाच. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज त्यात धरलेले नाही. ते धरले, तर दीडपट उरत नाही. २०२५-२६ साली मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. त्याच वर्षी कापूस घरात यायच्या तोंडावर, ऑगस्ट २०२५ मध्ये, सरकारने आयात कापसावरचा ११ टक्के कर काढला आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. एका हाताने हमीभाव लिहायचा आणि दुसऱ्या हाताने बाहेरच्या गाठींना दार उघडायचे. कोंबडे झाकून ठेवले म्हणून उजाडायचे राहत नाही, आणि खर्च झाकून ठेवला म्हणून तोटा व्हायचा थांबत नाही.

आता तोल पाहा. दहा क्विंटल कापूस हमीभावाच्या हजार रुपये खाली गेला, तर दहा हजार रुपये गेले. घरच्या बाईने वर्षभर कोंबड्यांमागे राबून मिळवलेले ७,२७० रुपये त्यात बुडून वर खड्डा राहिला. जो म्हणतो की कापसाचे नुकसान कोंबडीने भरून काढा, त्याला हे वजाबाकीचे गणित फळ्यावर मांडून दाखवावे. कोंबडी आपल्या पायावर चालली तर चांगली आहे. कापसाला पडलेले भोक बुजवायला ती जन्मलेली नाही.

मग पाळावी कशाला? कारणे आहेत. रोजगार हमीचे काम रोज अर्धा तास, घरच्या सावलीत, लेकरू जवळ ठेवून मिळत नाही. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि देणेकरी तो खळ्यावरच मोजून घेतात. अंड्याचा पैसा आठवड्याच्या बाजाराला येतो. शिवाय ज्वारी व्यापाऱ्याने पडेल भावाने मागितली, तर ती पोत्यातून न विकता कोंबडीच्या पोटातून विकता येते. १९९० नंतर शरद जोशींनी सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती असा चतुरंग शेतीचा कार्यक्रम मांडला, त्यात माजघर शेतीचा अर्थ हाच होता. पिकाचे मोल घरातच वाढवायचे, मगच बाजारात जायचे. मात्र परतीच्या पावसात काळी पडून बुरशी लागलेली ज्वारी कोंबडीलाही घालू नये. तिच्या विषाने पाखरे रोडावतात आणि मरतात.

पैसा कोणाचा

अंड्याचा पैसा आजवर बाईचाच होता. तेल-मीठ, पोरीची वही, माहेरच्या पाहुण्याला साडी-चोळी हे सगळे त्यावर निभत आले. तो थोडा होता, म्हणून त्याकडे पुरुषाचे लक्ष नव्हते. धंद्याला थोडा आकार आला, खुराडे उभे राहिले, पाखरे वाढली, की हळूच तो पैसा पुरुषाच्या खिशात सरकतो आणि राबणे मात्र बाईकडेच राहते. हे गावोगाव घडते, आणि हे बोलायला आम्हाला संकोच वाटत नाही.

नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीत कितीतरी शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा आपणहून बायकोच्या नावे केला. जे जमिनीत झाले, ते खुराड्यात व्हायला काय हरकत आहे? खुराडे तिचे, वही तिची, विक्री तिची. नवऱ्याने पाय रोवायला, टिन बांधायला मदत करावी आणि तिच्याकडून ज्वारीचे पैसे मोजून घ्यावेत. हो, मोजून घ्यावेत. तिने ज्वारी विकत घेतली, तरच ज्वारीला घरात भाव मिळाला, आणि तरच कोंबडीचा हिशेब खरा झाला. जो स्वतःच्या घरात घामाचे दाम देत नाही, त्याने ते सरकारकडे कोणत्या तोंडाने मागायचे?

एकट्याने होणार नाही असे एक काम

खुराडे एकेकट्याने बांधता येते. रोगाशी मात्र एकट्याने लढता येत नाही. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, गावात शिरली की चांगल्या खुराड्यातली पाखरेही आठवड्यात संपतात. त्यावर लस आहे. पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटा डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून आणि पुढे सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी टोचून. अडचण अशी, की एका बाटलीत शंभराहून अधिक पाखरांची लस असते, ती बर्फात ठेवावी लागते आणि पाण्यात कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. आठ कोंबड्यांची धनीण एकटी ती आणू शकत नाही. पण वीस घरांनी एक दिवस ठरवला, तर एक-दोन बाटल्यांत गल्ली पार पडते. हे काम गावातल्या महिला आघाडीने हाती घ्यावे. पिंजरे वाटण्याच्या योजना आम्हाला नकोत. जनावरांच्या दवाखान्यातून ठरल्या दिवशी बर्फासकट लस गावात आली पाहिजे. एवढी मागणी जिल्ह्याच्या मेळाव्यात ठरावाने करावी.

दुसरे काम वहीचे. ज्या घरात खुराडे आहे, त्या घराने येत्या सहा महिन्यांत रोजची अंडी, घातलेली ज्वारी, दिलेला वेळ आणि मेलेली पाखरे लिहून ठेवावीत. लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून लिहवून घ्यावीत. मरणाचे कारणही लिहावे, मांजर, साप, ऊन की रोग. अशा शंभर वह्या जिल्ह्यातून जमल्या, तर जोडधंद्याचा उपदेश करायला येणाऱ्याच्या हाती त्या देता येतील. त्याने आपले आकडे मांडावेत, आपण आपले मांडू. मग कापसाच्या खर्चाचीही वही त्याच टेबलावर उघडू.

पुढच्या बैठकीला येताना वही सोबत आणा. ज्यांची बंगई अजून भंगारात गेलेली नाही, त्यांनी ती देऊ नये.